बाकाला टेकवलेली काठी



जानेवारी हा माझ्या धंद्यातला सगळ्यात वाईट महिना. ३१ तारखेच्या आत लोकांची सेल्फ असेसमेंटची विवरणपत्रं भरायची असतात, आणि वर्षभर झोपलेले क्लायंट नेमके याच महिन्यात जागे होतात. तरीही यातला एक शनिवार मी राखून ठेवते. एडिनबरात राहणाऱ्या बऱ्याच जणांना मी वेगवेगळ्या वेळी सांगितलंय, आज एकदा नीट लिहूनच काढते. पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

"चार वाजता अंधार पडतो, मुलांना न्यायचं तरी कुठे?" हा प्रश्न दर जानेवारीत इथे येतोच. माझं उत्तर ठरलेलं: प्रिन्सेस स्ट्रीटजवळ, माउंडवरची नॅशनल गॅलरी. जे. एम. डब्ल्यू. टर्नरची जलरंगातली चित्रं. तिकीट नाही. फक्त जानेवारीतच जावं लागतं, कारण उरलेले अकरा महिने ही चित्रं भिंतीवर नसतातच.

हे असं का, आणि त्यातल्या एका हिरव्यागार चित्रामागे केवढं मोठं कर्ज लपलंय, ते आज सांगायचंय.

आधी चित्र. नाव 'राइमर्स ग्लेन, ॲबट्सफर्ड'. आकार पोस्टकार्डाएवढा, त्यामुळे मुलं नाक लावून बघतात आणि गॅलरीचे रक्षक घसा खाकरतात. दाट झाडी, घळीतून वाहणारा ओढा, आणि एक ओबडधोबड लाकडी बाक. बाकावर कोणी बसलेलं नाही. बाकाला एक काठी टेकवून ठेवलेली. बस्स, एवढंच. ना डोंगरावर वादळ, ना समुद्रात बुडणारं जहाज. टर्नर म्हटलं की आपल्याला जो भडकलेला सूर्यास्त आठवतो, तोही नाही. गावाकडच्या एखाद्या शांत दुपारचं चित्र.

माझी लेक गेल्या वर्षी त्यासमोर उभी राहून म्हणाली, "आई, काठी कोणाची राहिली?"

ती काठी सर वॉल्टर स्कॉट यांची. होय, तेच. ज्यांच्या कादंबरीवरून आपल्या वेव्हर्ली स्टेशनला नाव मिळालं, ज्यांचं ६१ मीटर उंच काळंकुट्ट स्मारक आपण ट्रॅममधून रोज बघतो, आणि बँक ऑफ स्कॉटलंडच्या प्रत्येक नोटेवर ज्यांचा चेहरा असतो. आपल्याकडे ह. ना. आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांची चर्चा निघाली की स्कॉटचं नाव हमखास निघतं. त्यामुळे मराठी माणसाला हा गृहस्थ तसा अगदी परका नाही.

पण स्कॉटकडे जाण्याआधी ही चित्रं आपल्यापर्यंत पोचली कशी, ते बघू. त्यातही हिशोबच आहे.

हेन्री व्हॉन नावाचे लंडनचे एक संग्राहक होते. वडिलांचा टोप्या बनवण्याचा धंदा, त्यातून आलेला पैसा, आणि आयुष्यभर चित्रं गोळा करण्याचा नाद. जॉन कॉन्स्टेबलचं 'द हे वेन', म्हणजे ओढ्यात उभी असलेली गाडी आणि मागे कुरणं, इंग्लंडच्या बिस्किटांच्या डब्यांवर असतं ते चित्र, व्हॉन यांनीच १८८६ साली लंडनच्या नॅशनल गॅलरीला देऊन टाकलं. १८९९ मध्ये ते वारले. मृत्युपत्रात टर्नरची ३८ जलरंगचित्रं एडिनबराला आणि ३१ डब्लिनला दिली होती, आणि एक अट घातली होती. चित्रं लोकांना एकत्र दाखवायची, पैसे न घेता, आणि फक्त जानेवारी महिन्यात. एरवी ती अंधारात ठेवायची.

जानेवारीच का? कारण या महिन्यात इथला सूर्य कामचुकार असतो. पावणेनऊला उगवतो, चारच्या सुमारास घरी जातो, आणि मधल्या काळातही फारसं तोंड दाखवत नाही. जलरंगांचा खरा शत्रू उजेड. तैलचित्रात रंग तेलात मुरलेला असतो, थर जाड असतो. जलरंगात कागदावर रंगाचा नुसता पातळ पदर. त्यात त्या काळी नीळ वापरायचे, आपल्याकडून जहाजं भरभरून जायची तीच नीळ. ती उन्हाने उडते आणि खालचे लालसर रंग उरतात, म्हणून त्या काळातल्या कित्येक चित्रांची निळी आभाळं आज विटकरी दिसतात. १८८६ मध्ये इंग्लंडच्या वर्तमानपत्रांत यावर मोठा वाद झाला. शेवटी सरकारने रसेल आणि ॲबनी या दोघांना प्रयोग करायला सांगितलं. त्यांचा अहवाल १८८८ मध्ये आला: जलरंगांतले बरेच रंग उजेडाने खरोखर विटतात. व्हॉन यांची अट याच काळातली आहे.

आता यातली माझ्या आवडीची गोष्ट. उजेडाने होणारं नुकसान साठत जातं आणि भरून येत नाही. चित्र अंधारात ठेवलं म्हणून उडालेला रंग परत येत नाही, फक्त पुढची झीज थांबते. म्हणजे प्रत्येक चित्राच्या नावावर उजेडाची एक ठेव आहे. तिच्यात भर कधीच पडत नाही, फक्त खर्च पडतो. आजकाल संग्रहालयं जलरंगांसाठी ५० लक्स एवढाच मंद प्रकाश ठेवतात. दिवसाचे सात तास धरले तर जानेवारीच्या ३१ दिवसांत खर्च होतात १०,८५० लक्स-तास. तेच चित्र वर्षभर टांगलं तर १,२७,७५०. सव्वाशे वर्षांत सव्वाशे जानेवारी, म्हणजे ही चित्रं व्हॉन यांच्यानंतर जेमतेम दहा-साडेदहा वर्षं उजेडात राहिली. म्हणून ती आजही काल रंगवल्यासारखी दिसतात. २०२५ मध्ये टर्नरच्या जन्माला अडीचशे वर्षं झाली, तेव्हा एडिनबरा आणि डब्लिनने महिन्यापुरती आपापली चित्रं बदलून घेतली. तेव्हाही महिना जानेवारीच.

स्वतः गेल्यानंतरही ठेव मोडली जाऊ नये अशी व्यवस्था करून ठेवणारा माणूस, म्हणजे व्हॉन. आणि त्यांच्या संग्रहातल्या या इवल्याशा चित्राचा विषय असलेला माणूस बरोबर उलट: अजून न मिळवलेला पैसा आधीच खर्च करून बसलेला.

तर वॉल्टर स्कॉट. एडिनबराचे वकील, कोर्टात चांगली पगारी नोकरी, त्यावर कवी म्हणून प्रचंड खप. १८११ मध्ये त्यांनी मेलरोजजवळ ट्वीड नदीकाठी एक शेत घेतलं. किंमत सुमारे ४,००० पौंड. निम्मे भावाकडून उसने. उरलेले निम्मे कशावर उभे केले ठाऊक आहे? अजून न लिहिलेल्या एका दीर्घकाव्याच्या तारणावर! माझ्यासमोर एखाद्या क्लायंटने असला कागद ठेवला तर मी आधी पाणी पिऊन येईन.

पण काव्य लिहून झालं, विकलं गेलं, आणि सवय लागली. शेजारचं शेत घेतलं, मग त्याच्या शेजारचं. मालकांना कळलं की स्कॉटला जमिनीचं वेड आहे, त्यांनी भाव वाढवले. बघता बघता इस्टेट चौदाशे एकरांच्या आसपास गेली. हजारो झाडं लावली. बुरुजांचा वाडा बांधला, त्याचं नाव ॲबट्सफर्ड. राइमर्स ग्लेन ही अशीच नंतर विकत घेतलेली घळ. तेराव्या शतकातला थॉमस द राइमर हा कवी, त्याला इथल्या डोंगरात पऱ्यांची राणी भेटली अशी दंतकथा आहे. त्याचं नाव स्कॉटनेच या घळीला दिलं. चित्रात जी आदिम, जणू देवाने घडवलेली झाडी दिसते ना, तिला खरेदीखत होतं.

हे सगळं चाललं कशावर? हुंड्यांवर. इथे आपले व्यापारी पूर्वज लगेच मान डोलावतील. स्कॉटची पुस्तकं जेम्स बॅलंटाइनच्या छापखान्यात छापली जायची आणि आर्चिबाल्ड कॉन्स्टेबल ती प्रकाशित करायचा. छापखान्याने प्रकाशकावर हुंडी काढायची, प्रकाशकाने ती सकारायची, आणि बँकेत वटवून रोख पैसा उचलायचा. मुदत भरली की दुसरी हुंडी काढून पहिली फेडायची. सुरक्षितता म्हणून प्रकाशकाने छापखान्याकडून तेवढ्याच रकमेच्या उलट हुंड्या घेऊन ठेवल्या होत्या. त्या पेटीत राहायच्या होत्या. चणचण भासली तेव्हा त्याही बाजारात गेल्या. एकाच देण्याचे दोन कागद आणि दोन्ही फिरायला लागले.

आणि आता गंमत बघा. बॅलंटाइनच्या छापखान्यात वॉल्टर स्कॉट भागीदार होते, हे जवळजवळ कोणालाच माहीत नव्हतं. तसे ते कादंबरीकार आहेत हेही जाहीर नव्हतं. १८१४ ची 'वेव्हर्ली' आणि पुढच्या सगळ्या कादंबऱ्या निनावी निघाल्या होत्या. कादंबरीकार म्हणून निनावी राहण्यात मजा होती. भागीदार म्हणून निनावी राहण्यात मात्र घात होता, कारण त्या काळी मर्यादित जबाबदारीची कंपनी हा प्रकार नव्हता. तो कायदा इथे बऱ्याच वर्षांनी आला. भागीदाराची जबाबदारी शेवटच्या पेनीपर्यंत, मग त्याचं नाव पाटीवर असो वा नसो.

१८२५ च्या डिसेंबरात लंडनमध्ये हाहाकार झाला. दक्षिण अमेरिकेतल्या खाणी आणि कर्जरोख्यांवर लोकांनी आंधळेपणाने पैसे लावले होते. फुगा फुटला, बँका पटापट बुडाल्या. कॉन्स्टेबलचे लंडनचे अडते बुडाले, त्यांच्यामागे कॉन्स्टेबल, कॉन्स्टेबलमागे बॅलंटाइन, आणि बॅलंटाइनमागे अचानक उजेडात आलेले भागीदार, सर वॉल्टर. महिना होता जानेवारी, साल १८२६. देणं १,२०,००० पौंडांच्या घरात.

सहा वर्षांपूर्वी, १८२० मध्ये, याच माणसाने आपल्या भावाला पत्रात लिहिलं होतं की तुझा मुलगा जर सावध, स्थिर बुद्धीचा आणि गणितात पक्का असेल तर त्याला अकाउंटंट कर, त्यापेक्षा चांगला व्यवसाय नाही. हे वाचून मी एकटीच ऑफिसात मोठ्याने हसले होते. सल्ला पुतण्यासाठी होता, स्वतःसाठी नव्हता!

स्कॉटपुढे सोपा रस्ता होता. दिवाळखोरी जाहीर करायची, आहे ते वाटून द्यायचं आणि सुटायचं. त्यांनी ते केलं नाही. मित्रांनी देऊ केलेली मदतही घेतली नाही. आपली मालमत्ता आणि पुढे लिहिलेल्या प्रत्येक ओळीची कमाई धनकोंच्या विश्वस्तांकडे सोपवली. कॅसल स्ट्रीटवरचं ३९ नंबरचं घर विकलं गेलं. आपल्यातले कित्येक जण त्यावरून रोज जातात, एकदा मान वर करून बघा. ॲबट्सफर्ड मात्र वर्षभर आधीच थोरल्या मुलाच्या लग्नात त्याच्या नावे करून दिलेलं होतं, म्हणून धनकोंना ते सहज विकता येईना, आणि त्यांनी स्कॉटना तिथे राहू दिलं. ऑडिटरच्या नजरेने पाहिलं तर ती तारीख मला आजही खटकते, हे कबूल करते. माणूस मोठा होता म्हणून त्याचे सगळे कागद स्वच्छ होते असं नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात बायको गेली. पुढे एडिनबरात भाड्याच्या खोलीत राहून ते लिहीत राहिले. नेपोलियनचं नऊ खंडी चरित्र १८२७ मध्ये आलं. आजारी नातवासाठी स्कॉटलंडचा इतिहास गोष्टीरूपात सांगणारी 'टेल्स ऑफ अ ग्रँडफादर' लिहिली. त्याच काळातली 'द सर्जन्स डॉटर' तर हैदर आणि टिपूच्या म्हैसुरात घडते, जिथे स्कॉट कधी गेलेच नव्हते. कर्ज माणसाला कुठे कुठे फिरवून आणतं.

आणि १८२६ मध्येच, स्वतःची पत धुळीला मिळालेली असताना, त्यांनी टोपणनावाने पत्रं लिहून स्कॉटिश बँकांच्या एक पौंडी नोटा वाचवल्या. लंडनचं सरकार पाच पौंडांखालच्या नोटा बंद करायला निघालं होतं. पत्रांनी एवढी खळबळ उडवली की स्कॉटलंडपुरता तो बेत सोडावा लागला. म्हणून नोटेवर चेहरा. स्वतः कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला माणूस दुसऱ्यांच्या नोटांची पत राखत होता.

या सगळ्यात टर्नर कुठे? कॉन्स्टेबलचा एके काळचा भागीदार रॉबर्ट कॅडेल हा आता स्कॉटचा प्रकाशक झाला होता, आणि तो व्यवहाराला पक्का होता. त्याने जुन्या कादंबऱ्यांना नव्या टिपा जोडून, चित्रं घालून, दर महिन्याला एक असे पाच शिलिंगांचे खंड काढायला १८२९ मध्ये सुरुवात केली. अठ्ठेचाळीस खंड. धो धो खपले. मग त्याने कवितांकडे मोर्चा वळवला. त्याचा हिशोब सरळ होता: टर्नरची चित्रं असतील तर ८,००० प्रती, नसतील तर ३,००० सुद्धा नाहीत. म्हणून ऑगस्ट १८३१ मध्ये ५६ वर्षांचा टर्नर ॲबट्सफर्डला आला. कॅडेलबरोबर गाडीतून आजूबाजूचा मुलूख फिरला, वहीत भराभर रेखाटनं केली, पुढे स्काय बेटापर्यंत गेला. त्या प्रवासातून झालेली मेलरोज, लॉख कॉरुस्क ही चित्रंही व्हॉन यांच्या ठेवीत आहेत.

टर्नर आला तेव्हा स्कॉटना पक्षाघाताचे झटके येऊन गेले होते. हात चालत नव्हता, बोलणं अडखळत होतं. सहा वर्षांत सहा वर्षांचं नव्हे, वीस वर्षांचं आयुष्य खर्च झालं होतं. त्याआधीच्या डिसेंबरात धनकोंनी एकत्र येऊन त्यांची पुस्तकं, सामानसुमान आणि चांदीची भांडी त्यांना सन्मानाने परत केली होती. धनकोंनी ऋणकोला भेट देणं, हे मी माझ्या व्यवसायात अजून पाहिलेलं नाही.

२१ सप्टेंबर १८३२ रोजी स्कॉट ॲबट्सफर्डला वारले. तेव्हा अर्ध्याहून जास्त कर्ज फिटलं होतं, सुमारे ५४,००० पौंड बाकी होते. आयुर्विम्याचे २२,००० आले. विश्वस्तांकडे २,००० होते. उरलेले ३०,००० कॅडेलने पुस्तकांच्या हक्कांवर उचल म्हणून दिले. बेरीज करून बघा, जुळते. १८३३ मध्ये धनकोंचं समाधान झालं.

आता परत त्या चित्राकडे चला. टर्नरने ते पूर्ण केलं तोवर मालक राहिला नव्हता. म्हणून बाक रिकामा आहे आणि काठी टेकवलेली आहे. ते चित्रही स्कॉटच्या गद्य ग्रंथांच्या नव्या आवृत्तीसाठीच होतं, म्हणजे तेही विक्रीच्याच कामाचं. शांत, हिरवं, पाखरांचा आवाज ऐकू येईल असं निसर्गदृश्य. आणि ते उभं आहे हुंड्या, एक लपवलेली भागीदारी आणि सहा वर्षं न थांबलेल्या एका हातावर.

मी हे इतकं तपशिलात का शोधत बसले, त्याचं कारण सांगते आणि थांबते.

कऱ्हाडजवळच्या आमच्या गावच्या घरी, सोप्यात, एक जलरंगचित्र होतं. शाळेतल्या ड्रॉइंगच्या मास्तरांनी बाबांना काढून दिलेलं. आमचं शेत, मोट नसलेली जुनी विहीर, बांधावरचा आंबा. खिडकीसमोर टांगलेलं होतं, त्यामुळे मला आठवतं तेव्हापासून त्याचं आभाळ पांढरं होतं. शेत मी आठ वर्षांची असताना विकलं गेलं. विकलं एवढंच आम्हाला माहीत होतं. "गरज राहिली नव्हती," असं बाबा म्हणायचे. आर्टिकलशिप करत असताना एका सुट्टीत मी हौसेने घरचे कागद लावायला घेतले, तेव्हा फाइल सापडली. बाबा एका मित्राच्या दुकानाच्या कर्जाला जामीन राहिले होते. मित्र बुडाला. जामीनदाराचं देणं कर्जदाराएवढंच असतं, हे मी त्याच वर्षी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. बाबांनी शेत विकून पै न् पै भरली होती, आणि घरात आईशिवाय कोणाला कळू दिलं नव्हतं.

मला राग आला होता. पैशाचा नाही. बारा वर्षं मी त्या चित्राखालून शाळेत गेले, आणि मला वाटायचं की बाबांना शेतीचं प्रेम नव्हतं म्हणून त्यांनी ते विकलं. त्यांना मी मनातल्या मनात कोरडा माणूस ठरवून टाकलं होतं. खरा हिशोब कळला असता तर मी त्यांच्याशी वेगळी वागले असते. बाबा गेले त्याला आता सहा वर्षं झाली.

आपण इथे मुलांना नीटनेटकं चित्र दाखवतो. घर, गाडी, उन्हाळ्यात भारतात फेरी. त्यामागचं कर्ज, व्हिसाची फी, गावाकडे पाठवलेले पैसे, कोणासाठी केलेली सही, हे त्यांच्या नजरेआड ठेवतो, आणि त्याला माया म्हणतो. मुलांच्या डोक्यावर ओझं घालू नये हे मलाही पटतं. पण हिशोब न कळलेलं मूल स्वतःचा काहीतरी हिशोब मांडतंच, आणि तो बहुतेक वेळा आपल्या विरुद्ध जातो.

त्या शनिवारी घरी येताना बसमध्ये लेकीने विचारलं, "आपलं घर कर्जावर आहे का?" पूर्वी मी "तू अभ्यास कर" म्हणाले असते. या वेळी घरी जाऊन मॉर्गेजचं स्टेटमेंट तिच्यासमोर ठेवलं. एकेचाळीस टक्के आपलं, बाकी बँकेचं, इतकी वर्षं राहिली. तिने बराच वेळ आकडे बघितले आणि म्हणाली, "मग माझी खोली कोणाची?" मी म्हटलं, तुझा पलंग आणि खिडकी आपली, भिंती बँकेच्या. तिला ते पटलं. मग तिने आजोबांच्या शेताबद्दल विचारलं, आणि मी पहिल्यांदाच सगळं सांगितलं. ते चित्र आता आमच्याकडे आहे. भावाने पाठवलं. आभाळ गेलेलं ते गेलंच, पण मी ते जिन्याखालच्या अंधाऱ्या भिंतीवर लावलंय. उरलंय तेवढं तरी टिकेल.

ज्यांना हे पुढे बघायचंय त्यांच्यासाठी: थंडी सरली की वेव्हर्लीहून बॉर्डर्स रेल्वेने तासाभरात ट्वीडबँक, तिथून पायी ॲबट्सफर्ड. मुलांना स्कॉटचं लिहिण्याचं टेबल नक्की दाखवा, वाड्यातल्या तलवारींपेक्षा ते जास्त महत्त्वाचं आहे. आणखी एक, खास आपल्या मंडळींतल्या सीए लोकांसाठी. सनदी लेखापालांची जगातली पहिली संस्था १८५४ मध्ये याच शहरात, शाही सनद मिळून उभी राहिली, आणि त्या पहिल्या मंडळींचं बरंचसं काम बुडालेल्यांचे हिशोब लावण्याचंच होतं. आपली भारतातली संस्था १९४९ ची. तेव्हा आपण इथे पाहुणे नाही, माहेरी आलोय असं समजा.

चित्रं ३१ तारखेपर्यंत आहेत. त्यानंतर ती परत अकरा महिन्यांसाठी अंधारात जातील. आणि हो, विवरणपत्रांची मुदतही ३१ लाच आहे. दोन्ही शेवटच्या दिवसावर ढकलू नका.